पटावरचे मूल, वाटेवरचे मूल

मंचरहून घोडेगाव मागे टाकून डिंभे धरणाच्या जलाशयाच्या कडेकडेने पश्चिमेला जाणारा रस्ता सह्याद्रीच्या कड्यापाशी संपतो. तिथे आहुपे आहे. गावापुढे कडा तुटलेला, खाली ठाणे जिल्ह्यातला मुरबाड तालुका, समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके. वस्ती महादेव कोळी समाजाची. पावसाळ्यात भात, नाचणी, वरई. उन्हाळ्यात रानातला हिरडा. गावाला देवराई आहे आणि आदिवासी विकास विभागाची शासकीय आश्रमशाळाही आहे.

समजा, या पट्ट्यातल्या एखाद्या वाडीत जुलैच्या मध्याला कुणी एक साधा प्रश्न घेऊन गेले: इथली किती मुले शाळेत जातात? मास्तर हजेरीपत्रक पुढे ठेवतील; पट अठरा. वर्गातली डोकी मोजली तर भरतील अकरा. दारात उभी असलेली आई म्हणेल, "जाती की साळंत." तिची ती मुलगी त्याच वेळी खाचरात भाताची रोपे पुरवत असेल, कारण आवणीचे दिवस आहेत. शेजारच्या घरातली दोन भावंडे कुठल्याच हिशेबात येणार नाहीत. ती आश्रमशाळेत राहतात आणि सुट्टीतच घरी येतात.

यात खोटे कुणीच बोललेले नाही. मुलीचे नाव शाळेत आहे, ती बहुतेक दिवस शाळेत जाते आणि आज गेलेली नाही. तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. मग उत्तर कोणते धरायचे? शिक्षणाचा समाजशास्त्रीय अभ्यास करणाऱ्याला पहिली अडचण इथेच येते. पद्धत बदलली की समोर दिसणारी मुले बदलतात.

आधी प्रश्न, मग पद्धत

संशोधनाचे वर्ग घेणारे बहुतेकदा पद्धतींची यादी देऊन सुरुवात करतात: सर्वेक्षण, मुलाखत, निरीक्षण, प्रयोग, कागदपत्रांचा अभ्यास. विद्यार्थी त्यातली सोयीची एक उचलतो आणि तिच्यात बसेल असा प्रश्न शोधत फिरतो. प्रश्नावली छापून घ्यायची, शंभर जणांकडून भरून घ्यायची, टक्केवारी काढायची. आपल्याकडच्या कितीतरी प्रबंधांची ही वाट आहे, आणि ती उलटी आहे.

शाळेविषयीचे प्रश्न मुळातच वेगवेगळ्या जातीचे असतात. 'किती मुलींची शाळा सातवीनंतर सुटते?' याला मोजणी लागते. 'का सुटते?' यासाठी मुलगी, तिची आई, तिचा बाप आणि तिचे शिक्षक यांच्याशी बोलावे लागते, बहुधा वेगवेगळे. 'वर्गात तिच्याशी कसे वागले जाते?' हे बोलून कळेलच असे नाही, तिथे बसून पाहावे लागते. आणि 'वसतिगृह दिले तर तिची शाळा टिकेल का?' याला तुलना लागते. वसतिगृह मिळालेल्या आणि न मिळालेल्या, पण बाकी सगळ्या बाबतींत सारख्या मुलींची.

घरात पिठाची चाळण वेगळी, रव्याची वेगळी, गव्हाची वेगळी. प्रत्येकीची भोके निराळी, म्हणून वर राहणारे आणि खाली पडणारे निराळे. संशोधनाच्या पद्धतींचेही तसेच असते. पद्धत निवडताना तिच्यातून काय मिळेल हे सगळेच विचारतात. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असतो, तिच्यातून कोण गळून पडेल? आहुप्यासारख्या गावात हा प्रश्न फार टोकदार होतो, कारण इथे प्रत्येक पद्धतीतून वेगळेच मूल निसटते.

कागदावरची मुले

सर्वांत स्वस्त आणि हाताशी असलेले साधन म्हणजे शाळेचे दप्तर: हजेरीपत्रक, जनरल रजिस्टर, शालेय पोषण आहाराच्या नोंदी, शाळा सोडल्याच्या दाखल्यांच्या प्रती. सरकारी आकडेवारीचा पायाही हाच. शाळा माहिती भरते, ती तालुक्याला, जिल्ह्याला, राज्याला जाते आणि शेवटी देशाच्या अहवालात छापली जाते.

पण दप्तर संशोधकासाठी लिहिलेले नसते. शाळेला किती शिक्षक मंजूर व्हायचे ते पटावरून ठरते. त्याला संचमान्यता म्हणतात. अनुदान, गणवेश, पुस्तके, तांदूळ सगळे पटाशी बांधलेले. शिवाय पट फारच घसरला तर शाळाच राहील की नाही ही धास्ती. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत पाठवण्याचा निर्णय राज्यात झाला, तेव्हा त्याची सर्वाधिक झळ डोंगरी वाड्यांनाच बसणार हे उघड होते. त्यामुळे नाव पटावर राहावे असे मास्तरांना वाटते, पालकांना वाटते आणि गावालाही वाटते.

कागद आणि वर्ग यांतले अंतर किती असू शकते हे महाराष्ट्राने एकदा धडधडीत पाहिले. नांदेड जिल्ह्यात तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांच्या काळात झालेल्या तपासणीत बोगस पटाचा प्रकार उघडकीला आला. त्यानंतर ३ ते ५ ऑक्टोबर २०११ असे तीन दिवस राज्यभर पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मतदानासारखी बोटाला शाई लावली गेली. राज्यात सुमारे वीस लाख मुले पटावर होती, पण प्रत्यक्षात आढळली नाहीत.

समाजशास्त्राच्या दृष्टीने ही मोहीम फार मोलाची होती. एक स्वतंत्र मोजणी केली की दप्तराची खोली कळते, हे तिने दाखवले. पण तिचा निष्कर्ष वाचताना सावधपण हवे. त्या तीन दिवसांत न सापडलेले प्रत्येक मूल बोगस होते का? त्या वर्षीचा दसरा ६ ऑक्टोबरला होता, म्हणजे पडताळणी ऐन नवरात्रात झाली. आजारी मूल, पाहुण्यांकडे गेलेले मूल, मजुरीला गेलेल्या आईबापांबरोबर गेलेले मूल आणि मुळात अस्तित्वातच नसलेले मूल ही चारही आपापल्या शाळेच्या मोजणीच्या दिवशी एकाच रकान्यात पडली. एका दिवसाची मोजणी गैरहजेरी पकडते. तिच्यामागचे कारण पकडण्याचा तिला काही मार्ग नसतो.

यावरचा उपाय साधा आहे, पुन्हा जाणे. २००३ मध्ये देशातल्या वीस राज्यांत शिक्षकांच्या गैरहजेरीची पाहणी झाली, तेव्हा प्रत्येक शाळेला न सांगता तीन-तीन वेळा भेट दिली गेली. सरासरी चारातला एक शिक्षक शाळेत नव्हता. महाराष्ट्राची स्थिती त्यातल्या त्यात बरी होती, गैरहजेरी पंधरा टक्क्यांच्या आसपास, पाहणीतल्या राज्यांत सर्वांत कमी. एकाच भेटीवरून कुणा शिक्षकाला कामचुकार ठरवणे जितके अन्यायाचे, तितकेच एका भेटीवरून एखाद्या मुलीला 'शाळाबाह्य' ठरवणे.

दप्तराचा दुसरा उपयोग म्हणजे एक नोंद दुसऱ्या नोंदीशी ताडून पाहणे. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ धरला जातो, सहावी ते आठवीच्या मुलाला १५०. आवणीच्या आठवड्यात हजेरीपत्रक अठरा मुले हजर दाखवत असेल आणि तांदळाच्या नोंदीतून रोज एक किलो शंभर ग्रॅमच वजा होत असेल, तर त्या दिवसांत खरोखर किती मुले जेवली याचा अंदाज येतो. उलटेही घडू शकते, तांदूळ हजेरीबरहुकूम आणि वर्ग रिकामा. दोन कागद एकमेकांशी जुळले म्हणून दोन्ही खरे ठरत नाहीत. तिसरी बाजू, म्हणजे स्वतः मोजलेली डोकी, लागतेच.

घरोघरच्या पाहणीत काय दिसते

शाळेत जाऊन मोजले तर शाळेबाहेरची मुले सुटतात. म्हणून मोजणी घरी न्यावी, हा विचार 'असर' या पाहणीने देशभर रूढ केला. मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ही पाहणी होते. आधी दरवर्षी, पुढे वर्षाआड. ग्रामीण जिल्ह्यातली तीस गावे निवडायची, प्रत्येक गावातली वीस घरे, म्हणजे जिल्ह्यामागे सहाशे घरे. पाच ते सोळा वयाच्या मुलाला एक कागद दाखवायचा: अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा लहान उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल जिथपर्यंत वाचेल ती त्याची पातळी.

या साध्या कागदाने 'मूल शाळेत आहे' आणि 'मूल शिकते आहे' या दोन गोष्टी सार्वजनिक चर्चेत वेगळ्या केल्या. २०१८ मध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याच मुलांना दुसरीची गोष्ट वाचता येत होती. करोनानंतर २०२२ मध्ये हे प्रमाण ४३ टक्क्यांपर्यंत खाली आले. असा बदल दिसायला देशव्यापी, दरवेळी त्याच मापाने केलेली मोजणीच हवी. शंभर मुलाखती घेऊनही तो दिसला नसता.

घरे कशी निवडायची याचाही नियम आहे. गावाचे चार भाग करायचे आणि प्रत्येक भागात ठरावीक अंतराने, दर पाचव्या घरी थांबत पाच घरे घ्यायची. नियम नसेल तर पाहणी करणारा रस्त्यालगतच्या, ओळखीच्या, चहा मिळेल अशा घरांत शिरतो आणि ओढ्यापलीकडची वस्ती राहून जाते. आहुप्याच्या परिसरात गाव म्हणजे सलग आळी नसते, विखुरलेल्या वाड्या असतात. तिथे हा नियम पाळणे म्हणजे चिखलातून पायपीट करणे, आणि नेमकी तीच पायपीट पाहणीला विश्वासार्ह करते.

तरीही या चाळणीची भोके पाहायला हवीत. पहिले भोक आकाराचे. पुणे जिल्ह्यात अठराशेहून अधिक गावे आहेत. तीस गावांच्या नमुन्यात आहुपे येण्याची शक्यता अगदी थोडी. त्यात नमुन्यात मोठ्या लोकसंख्येच्या गावाला जास्त संधी असते, हे लक्षात घेतले तर आणखी थोडी. पाहणी जिल्ह्याविषयी बोलते आणि ते तिने नीट बोलावे. पण त्याच जिल्ह्यात नारायणगाव, मंचरचा बागायती पट्टा येतो आणि घाटमाथ्यावरच्या वाड्याही. दोन्हींची सरासरी काढली की जो आकडा येतो, तो दोन्हींपैकी कुठल्याच गावाचा नसतो.

दुसरे भोक याहून खोल आहे. घरची पाहणी घरात नेहमी राहणाऱ्या मुलांची नोंद करते. आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहणारे मूल घरी नसते आणि पाहणी वसतिगृहाच्या दारावर जात नाही. आदिवासी पट्ट्यात ही चार-दोन मुलांची गोष्ट नाही. शिक्षणाचा मोठा भागच आश्रमशाळांतून होतो. शाळेत मोजले तर घरची मुले सुटतात, घरी मोजले तर वसतिगृहातली. आहुप्यावर लिहिणाऱ्याने दोन्ही ठिकाणी जाणे हाच त्यावरचा इलाज.

"काल कुठं होतीस?"

आता 'का' या प्रश्नाकडे. इथे मुलाखत लागते, आणि मुलाखत दिसायला सोपी म्हणून बिघडायलाही सोपी.

वाडीवर मोटारसायकलवरून कुणी फॉर्म घेऊन आले की ते सरकारी माणूस वाटणे साहजिक आहे. मुलगी शाळेत जाते का, असे त्याने विचारले तर 'नाही' म्हणण्यात धोका दिसतो. शिष्यवृत्ती थांबेल, मास्तर रागावतील, नाव कमी होईल. म्हणून उत्तर 'हो' येते. समोरच्याला काय ऐकायला आवडेल याच्या अंदाजाने दिलेले उत्तर, ही प्रश्नावलीची सर्वांत जुनी दुखरी बाजू. जितका प्रश्न नैतिक वाटेल, तितका हा परिणाम मोठा.

इलाज प्रश्नाच्या रचनेत असतो. 'शाळेत जातेस का?' याऐवजी 'काल उजाडल्यापासून काय-काय केलं?' असे विचारले की मुलगी सांगू लागते. उठल्यावर पाणी, मग शेण, भावाला घेऊन अंगणवाडी, मग शाळा, मधल्या सुट्टीनंतर घरी, कारण आई आवणीला आणि घरी धाकटा. 'जाते' या एका शब्दात दडलेला अर्धा दिवस यातून बाहेर येतो. देशाच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेल्या वेळवापर पाहणीचे तत्त्व हेच होते. सहा वर्षांवरच्या प्रत्येकाचा पहाटे चार ते दुसऱ्या पहाटे चार असा पूर्ण दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाने भरून घेतला गेला.

कुठे आणि कुणादेखत विचारले, यानेही उत्तर बदलते. आश्रमशाळेतल्या मुलीला अधीक्षिकेसमोर 'इथे कसे वाटते?' विचारणे व्यर्थ आहे. गावच्या पारावर पुरुषांच्या घोळक्यात मुलींच्या शिक्षणाचा विषय काढला तर सगळे शिक्षणाच्या बाजूने बोलतील. चुलीपाशी बायकांशी बोलताना पोरगी मोठी झाली, वाट रानातून आहे, एसटीचा भरवसा नाही, हे येते. पुरुष संशोधकाला ते दुसरे बोलणे सहसा ऐकूच येत नाही. म्हणून अभ्यासगटात बाई असणे ही पद्धतीची गरज आहे, आणि तिला पहिल्या दिवसापासून पूर्ण वाटा हवा.

दप्तर आणि मुलाखत शेजारी ठेवली की काय होते, हे पाहायला शाळा सोडल्याचा दाखला पुरेसा आहे. त्यात 'शाळा सोडण्याचे कारण' असा रकाना असतो आणि तिथे बहुतेक वेळा 'पालकांच्या विनंतीवरून' एवढेच लिहिलेले असते. विनंती कशामुळे झाली? शाळा दूर होती, लग्न ठरले, मजुरीला जायचे होते, की वर्गात पोरीला काही कळत नव्हते आणि ती तोंड मिटून बसत होती? या दोन शब्दांमागे चार वेगळ्या कथा असू शकतात आणि प्रत्येकीवरचा सरकारी उपाय वेगळा. कारण न विचारता उपाय केला की सायकल वाटली जाते आणि घाटवाट तशीच राहते.

वर्गाच्या मागच्या बाकावर

काही गोष्टी विचारून कळत नाहीत, कारण त्या करणाऱ्यालाही त्या कळलेल्या नसतात. शिक्षक वर्गात कुणाकडे बघून प्रश्न विचारतात, कुणाचे उत्तर अर्धवट ऐकतात, घरच्या बोलीत बोललेल्या मुलाला दुरुस्त करताना स्वर कसा होतो. हे शिक्षकाला विचारले तर तो प्रामाणिकपणे म्हणेल, मी सगळ्यांना सारखे वागवतो. म्हणून लोकांमध्ये दीर्घकाळ राहून पाहणे, ज्याला समाजशास्त्रात सहभागी निरीक्षण म्हणतात, ते लागते.

महाराष्ट्रातले याचे चांगले उदाहरण कोल्हापूरचे. वेरोनिक बेनेई या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ तिथल्या प्राथमिक शाळांत बसल्या. त्यांचे पुस्तक २००८ मध्ये आले. सकाळचा परिपाठ, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सावधान-विश्राम यांतून देश, भाषा आणि इतिहास यांच्याविषयीची माया मुलांच्या आवाजात आणि अंगात कशी मुरते, हे त्यांनी बारकाईने टिपले. परिपाठ आपल्या सगळ्यांनी केलेला आहे, म्हणून त्यात पाहण्यासारखे काही आहे असे वाटत नाही. निरीक्षणाचे बळ इथेच आहे. नेहमीचे झालेले ते पुन्हा दिसायला लावते.

दुसरे उदाहरण संशोधन म्हणून नोंदले गेले नाही, पण पद्धत म्हणून ते अव्वल आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम उभे केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले शाळेत का टिकत नाहीत? पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, हे तेव्हाचे ठरलेले उत्तर होते. या दोघी तिथेच राहत होत्या. त्यांना दिसत होते की मुलगे गुरे घेऊन कुरणात आहेत आणि मुलींच्या कडेवर धाकटी भावंडे आहेत. मग त्यांनी शाळाच कुरणात नेली. तीच कुरणशाळा. आणि 'विकासवाडी' या उपक्रमात पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, म्हणजे बहीण भावंडाला घेऊन येऊ शकेल. प्रश्नावलीत 'पालकांची उदासीनता' हा पर्याय छापलेला असता, तर बहुतेकांनी त्यावरच खूण केली असती.

निरीक्षणाचे भोक मात्र मोठे आहे. एक-दोन शाळांत वर्षभर बसलेला माणूस खोल जातो, पण ते बाकीच्या शाळांत तसेच आहे का, हे त्याला सांगता येत नाही. शिवाय पाहणाऱ्याचे डोळे कोरे नसतात. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी महादेव कोळी समाजावर १९५७ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मुंबई विद्यापीठातल्या समाजशास्त्राचे ते आधारस्तंभ. पण आदिवासींना वेगळा समाज मानायचे की हिंदू समाजाचाच मागे राहिलेला भाग, याबद्दल त्यांची भूमिका आधीच ठाम होती आणि आदिवासी जीवनाचे अभ्यासक व्हेरिअर एल्विन यांच्याशी त्यांचा यावरचा वाद गाजलेला आहे. अशा भूमिकेतून पाहणाऱ्याला शाळा ही मुख्य प्रवाहात येण्याची वाट दिसते. दुसऱ्याला तीच शाळा रानाचे ज्ञान पुसणारी दिसू शकते. वहीत टिपण करताना 'मी काय पाहिले' आणि 'मला काय वाटले' हे दोन रकान्यांत वेगळे लिहिण्याची शिस्त यासाठीच शिकवली जाते.

चौकट: कोण निसटते?

शाळेच्या दप्तरात नाव असून न येणारे मूल लपते. शाळेत केलेल्या पाहणीत शाळा सोडलेले मूल सुटते, घरच्या पाहणीत वसतिगृहातले. एका दिवसाच्या मोजणीला हंगाम दिसत नाही. मुलाखतीत गप्प बसणारी व्यक्ती हरवते, आणि निरीक्षणात ज्या शाळेत कुणी बसलेच नाही ती शाळा.

प्रयोग इथे चालेल का?

'काय केल्याने फरक पडतो' या प्रश्नाला सर्वांत भक्कम उत्तर प्रयोगातून मिळते, असे आज जगभर मानले जाते. त्यातला गाजलेला एक प्रयोग मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत २००१ ते २००३ मध्ये झाला. 'प्रथम'च्या बालसखी म्हणजे वस्तीतल्याच तरुण मुली. मागे पडलेली पंधरा-वीस मुले वर्गातून बाजूला घेऊन त्या रोज दोन तास वाचन आणि अंकगणित शिकवत. कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी द्यायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले गेले. असे केले की दोन्ही गटांतली मुले सरासरीने सारखी असतात आणि पुढे गुणांत पडलेला फरक बालसखीमुळेच पडला असे म्हणता येते. फरक स्पष्ट पडला, आणि सर्वाधिक फायदा सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाला. या अभ्यासाच्या लेखकांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांना २०१९ मध्ये मायकल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

हा निष्कर्ष उचलून घाटमाथ्यावर नेता येईल का? पालिकेच्या शाळेत एका इयत्तेचाच वर्ग भरलेला असतो. त्यातली वीस मुले बाहेर काढली तरी वर्ग उरतो. वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेत पहिली ते चौथी एकाच खोलीत बसते आणि वीस मुले म्हणजे अख्खी शाळा. 'मागे पडलेल्यांना वेगळे काढणे' या उपायाला तिथे अर्थच राहत नाही. शिवाय अशा दोन-चार शाळांत चिठ्ठ्या टाकल्या तरी गट सारखे होत नाहीत. त्यासाठी शाळांची संख्या मोठी लागते. लहान आकड्यांची ही खोड टक्केवारीतही दिसते. पंधरा मुलांच्या शाळेतले एक कुटुंब नारायणगावला मजुरीला गेले आणि दोन मुले कमी झाली, की गळती तेरा टक्क्यांवर जाते. पुढच्या वर्षी ते परतले की शाळा 'शंभर टक्के' होते. जिल्ह्याच्या यादीत सर्वांत वर आणि सर्वांत खाली लहान शाळाच का दिसतात, याचे बरेचसे उत्तर या गणितात आहे. तिथे टक्के छापण्यापेक्षा 'पंधरापैकी दोन' लिहावे.

सहा महिने हाताशी असतील तर

मग आहुपे परिसरातल्या मुलींची शाळा मध्येच का सुटते, हे अभ्यासायचे असेल तर काय करावे?

सुरुवात जनरल रजिस्टरपासून. दहा-बारा वर्षांपूर्वी एका सालात पहिलीत दाखल झालेल्या मुलींची यादी काढावी आणि प्रत्येक नाव पुढे कुठे गेले ते शोधावे: वाडीची शाळा, आश्रमशाळा, घोडेगाव, लग्न, मजुरी. एका वर्षाची सगळ्या इयत्तांची मोजणी करण्यापेक्षा एकाच तुकडीचा असा माग काढणे जास्त बोलके असते, कारण कोणत्या वळणावर किती जणी थांबल्या हे दिसते. नावे खूप नसतील, म्हणून नमुना काढायची गरज नाही; सगळ्याच घ्याव्यात. ज्या गाव सोडून गेल्या त्यांना शोधण्यातच निम्मा वेळ जाईल आणि तो जाऊ द्यावा. सापडायला अवघड असलेल्या मुलींचीच शाळा लवकर सुटलेली असण्याचा संभव जास्त.

दुसरे काम गावकऱ्यांसोबत वर्षाचे पत्रक मांडण्याचे. जमिनीवर बारा चौकोन आखून बायकांना हिरड्याच्या किंवा वालाच्या बियांनी कामाचा भार दाखवायला सांगायचे, ज्या महिन्यात काम जास्त तिथे बिया जास्त. त्याशेजारी शाळेचे वेळापत्रक ठेवायचे. शाळा जूनच्या मध्याला उघडते आणि लगेच आवणी येते. भातकापणी दिवाळीच्या अलीकडे-पलीकडे. मग हजेरीपत्रकातले खाडे त्यावर बसवून पाहायचे. खाडे कामाच्या महिन्यांतच साचलेले असतील तर एक गोष्ट, आणि वर्षभर सारखे पसरलेले असतील तर कारण शाळेच्या आत शोधावे लागेल.

त्यानंतरच मुलाखती. मोजक्या, पण पुन्हा पुन्हा जाऊन. शिकत राहिलेल्या मुलींच्याही घ्याव्यात. हे फार वेळा राहून जाते. फक्त शाळा सुटलेल्यांना विचारले आणि त्यांनी 'गरिबी' सांगितले, तर शेजारच्या तितक्याच गरीब घरातली मुलगी बारावीला कशी पोहोचली, हे कळत नाही. तुलनेशिवाय कारण सिद्ध होत नाही, आणि तुलनेसाठी दर वेळी प्रयोगच करावा लागतो असेही नाही.

वर्गात बसणे आणि आश्रमशाळेत थोडे दिवस काढणे यासाठी आदिवासी विकास विभागाच्या घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयाची परवानगी लागेल, मुख्याध्यापकांची लागेल आणि मुलींचीही घ्यावी लागेल. मुलींना 'नाही' म्हणता येते हे त्यांना आधी सांगावे लागेल. छोट्या गावात नाव बदलून भागत नाही. 'आहुप्यातली नववीत शाळा सोडलेली, वडील वारलेली मुलगी' एवढे लिहिले की सगळे ओळखतात. त्यामुळे लिहिताना काही खरे तपशील गाळावे लागतात, आणि ते गाळले आहेत हे वाचकाला सांगावे लागते.

सहा महिन्यांच्या शेवटी हातात आलेले आधी ग्रामसभेत वाचून दाखवावे. आंबेगाव आणि जुन्नरचा हा पश्चिम पट्टा अनुसूचित क्षेत्रात येतो, ग्रामसभेला इथे कायद्याने वजन आहे. पण वाचून दाखवण्याचे संशोधनातलेही कारण आहे. 'या तीन मुली मजुरीला गेल्या' असे वाचल्यावर मागून एखादी बाई उठून सांगते की त्यातली एक मजुरीला गेलीच नव्हती, तिला पावसात ओढा ओलांडून दोन महिने शाळेला जाता आले नाही आणि मग परत जायची तिला लाज वाटली. ते ऐकून तक्त्यातला एक आकडा खोडावा लागतो, आणि बाकीच्या दोघींच्या घरीही पुन्हा जावे लागते.